परदेशी गाडी चालवायची, तर कागद कोणते?

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, परदेशात गाडी चालवण्याचं आपल्याला काय? पण आपल्या गटांकडे अंतर्गत कर्जाचे जे अर्ज येतात, त्यात आता "मुलगा दुबईला ड्रायव्हर म्हणून चाललाय" हे कारणही दिसू लागलंय. एका ताईंना एजंटाने "इंटरनॅशनल लायसन्स"साठी पंचवीस हजार मागितले होते. त्या लायसन्सचं सरकारी शुल्क आहे १००० रुपये! म्हणून आम्ही ठरवलं, हा विषय सगळ्या मैत्रिणींपर्यंत पोहोचवायचा.

आधी हे कागद काय आहे ते पाहू. लोक ज्याला इंटरनॅशनल लायसन्स म्हणतात, तो खरं तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. १९४९ साली जिनिव्हा इथे अनेक देशांनी रस्ते वाहतुकीचा एक करार केला. त्यात भारतही आहे. आपलं लायसन्स खरं आहे आणि त्यावर अमुक प्रकारची गाडी चालवता येते, हे दुसऱ्या देशातल्या पोलिसांना कळावं, यासाठी हा परवाना. तो एकटा चालत नाही, मूळ भारतीय लायसन्स सोबत लागतंच. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल, तर परवानाही तेव्हाच संपतो.

तो मिळतो आपल्या आरटीओ कार्यालयात. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावरून करता येतो. लागतं काय? चालू मुदतीचं पक्कं लायसन्स, शिकाऊ चालत नाही. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो. व्हिसा आणि तिकीट हाती आलं असेल तर त्याची झेरॉक्स सोबत ठेवावी. डॉक्टरांच्या दाखल्याची अट २०२१ मध्ये काढून टाकली आहे. तेव्हा "मेडिकलचे वेगळे पैसे द्या" असं कोणी म्हणालं तर लगेच देऊ नका. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव मात्र आधीच ताडून पाहा. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही, असं असेल तर दुरुस्ती जाण्यापूर्वी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा परवाना पाहुण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. मुलीकडे किंवा भावाकडे चार-सहा आठवडे राहायला गेलेल्या माणसाला तो उपयोगी पडतो. पण दुबई, अबुधाबी ज्या देशात आहेत, त्या संयुक्त अरब अमिरातीत कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या भारतीयाला तिथलंच लायसन्स काढावं लागतं. त्यासाठी तिथे परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा खर्च वेगळा. म्हणजे "हा परवाना काढला की उतरल्यावर लगेच ड्रायव्हरची नोकरी" असं सांगणारा माणूस फसवतोय, हे ओळखा. "सध्या व्हिजिट व्हिसावर जा, नंतर बघू" म्हणणाराही तसलाच.

मग पैसे देण्याआधी काय विचारायचं? पहिलं, एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक मागा आणि 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दुसरं, करारपत्रात काम कोणतं लिहिलंय? ड्रायव्हर की हेल्पर? पगार किती? तिथल्या लायसन्सचा खर्च मालक करणार की पगारातून कापणार? परीक्षेत नापास झाला तर काय? तिसरं, मुलगा दहावी पास आहे का? नसेल तर पासपोर्टवर ईसीआर नोंद असते. अशा मुलाला आखाती देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ती न घेता पाठवणारा एजंट मुलाला अडचणीत टाकतो.

आणि मूळ पासपोर्ट, मूळ लायसन्स कोणाच्या ताब्यात ठेवायला देऊ नका. सगळ्या कागदांची एक-एक प्रत घरात डब्यात ठेवा, एक मोबाईलमध्ये ठेवा. उद्या काही झालं तर धावपळ आईला किंवा बायकोलाच करावी लागते. तेव्हा हातात निदान कागद तरी हवा.

मैत्रिणींनो, परदेशी जाऊ नका असं आमचं म्हणणं नाही. नीट कागद करून गेलेल्या मुलांनी घरं बांधली, बहिणींची शिक्षणं केली. पण गटाचा पैसा हा दर महिन्याला शंभर-दोनशे करून जमवलेला असतो. म्हणून पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या: परदेशी नोकरीसाठी कर्ज मागितलं, तर एजंटाचा नोंदणी क्रमांक, करारपत्राची प्रत आणि पैशांची पावती पाहिल्याशिवाय चेकवर सही करायची नाही. त्या ताईला नाही म्हणायला नव्हे, तिच्या बाजूने उभं राहायला. एकटीने विचारलं की एजंट उडवून लावतो. दहा जणींनी विचारलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं.