कोड लिहिणाऱ्या हातांनी आता आराखडाही आखावा

बल्लारपूर, राजुरा, चंद्रपूर भागातली आपल्या समाजातील अनेक मुले-मुली इंजिनीअरिंग करून पुणे, नागपूर, हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत पोहोचली. पेपर मिल आणि कोळसा खाणींच्या गावातून हा पल्ला त्यांनी गाठला. आता पुढचा प्रश्न आहे. सात-आठ वर्षे कोड लिहिल्यावर पुढे काय?

सॉफ्टवेअरच्या कामात दोन पायऱ्या असतात. पहिली, सांगितलेले काम कोडमध्ये उतरवणे. दुसरी, ग्राहकाची अडचण समजून घेऊन काय बांधायचे, कसे बांधायचे आणि काय टाळायचे हे ठरवणे. दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला 'सोल्यूशन आर्किटेक्ट' म्हणतात. निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे असतो. एआय भराभर कोड लिहून देऊ लागल्यावर पहिल्याच पायरीवर थांबून राहणे धोक्याचे आहे.

फरक कळण्यासाठी 2017 ची शेतकरी कर्जमाफी आठवा. अर्ज ऑनलाइन होते, मर्यादा कुटुंबाला दीड लाख. ऐकायला सोपे. पण कुटुंब म्हणजे कोण? शासनाच्या लेखी पती, पत्नी आणि 18 वर्षांखालील मुले. बँक मात्र कर्जखाते ओळखते, कुटुंब ओळखत नाही. नवऱ्याचे कर्ज सेवा सोसायटीत आणि बायकोचे राष्ट्रीयीकृत बँकेत असेल, तर कुणाचे किती माफ? अर्जातले आणि बँकेतले नाव जुळले नाही तर? प्रत्यक्षात अर्ज आणि बँकांची माहिती जुळता जुळेना, याद्यांत चुका निघाल्या, रक्कम जमा व्हायला उशीर झाला. फॉर्म बनवणे अवघड नव्हते. हे प्रश्न आधी विचारणे अवघड होते.

अनुभवी डेव्हलपरला म्हणूनच आणखी एक प्रोग्रामिंग भाषा शिकवून फारसे साधत नाही. अडचण अर्धी ऐकताच डेटाबेस मांडायला बसण्याची सवय मोडावी लागते. त्यासाठी तीन गोष्टींचा सराव हवा.

पहिली, शब्द. एरिक इव्हान्स यांनी 2003 मध्ये 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' या पुस्तकात मांडले, की काम करणारी माणसे जे शब्द वापरतात तेच कोडमध्ये यावेत. दुसरी, घटनाक्रम. अल्बर्टो ब्रँडोलिनी यांच्या 'इव्हेंट स्टॉर्मिंग' पद्धतीत प्रत्यक्ष काम करणारे आणि डेव्हलपर एकत्र बसून कामात काय काय घडते ते रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर क्रमाने लावतात. कुठे अडते ते सगळ्यांना दिसते. तिसरी, तडजोड. प्रत्येक पर्यायाची किंमत असते. नेट गेले तर काय, माणसे दहापट वाढली तर काय, खर्च कोण करणार? निर्णय आणि त्याचे कारण एका पानात लिहून ठेवायचे.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. 1943 मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी केवळ पूर अडवण्याचा विचार केला नाही. पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र आराखडा व्हावा, असा आग्रह धरला. आधी प्रश्न पूर्ण समजून घेतला, मग उपाय आखला.

मग आपली मुले मागे का राहतात? बुद्धी कमी पडते म्हणून नाही. ग्राहकासमोर बोलायला कुणाला बसवायचे, हे ठरवताना इंग्रजीचा सफाईदारपणा, ओळखीपाळखी, घरातले वातावरण नकळत मोजले जाते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हणतात. ते सरावाने आणि एकमेकांच्या आधाराने कमावता येते.

वर्षावासात विहारांत ग्रंथवाचन होतेच. त्याच काळात रविवारी दोन तास यासाठी द्यावेत. बाहेरगावी असलेल्यांनी ऑनलाइन यावे. वस्तीतल्या महिला बचत गटाचा हिशेब हा पहिला प्रश्न घ्यावा. हप्ता चुकला तर काय, अंतर्गत कर्ज कुणाला आधी, वहीवर सही कोण करते, हे ताईंनाच विचारावे. पहिल्या दोन बैठकांत लॅपटॉप उघडू नये. तिसऱ्या बैठकीत प्रत्येकाने आपला आराखडा उभे राहून त्याच ताईंना समजावून सांगावा. त्यांना पटला, तर ग्राहकासमोर बोलण्याची भीती बरीच कमी झालेली असेल.