विश्लेषण : ब्रिगेडियर आणि आयपीएस अधिकारी एकाच वर्गात का बसतात?

उत्तनच्या किनाऱ्यावरून बोट समुद्रात शिरली, की तिच्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा अनेक. किनाऱ्यालगत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल, खोल समुद्रात नौदल. शिवाय सीमाशुल्क आणि मत्स्यव्यवसाय विभाग. संकट आल्यावर या सर्वांना काही मिनिटांत एकत्र निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी वरिष्ठांना एकमेकांची कामाची पद्धत आधीच ठाऊक असावी, या विचारातून देशात लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या एकत्रित उच्च शिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. मात्र तिला एका छताखाली आणणारे विद्यापीठ अजूनही रखडलेलेच आहे.

शिक्षणाचे टप्पे कोणते?

पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात. पुढे मेजर किंवा समकक्ष हुद्द्यावरील निवडक अधिकारी तमिळनाडूतील वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात जातात. कर्नलच्या टप्प्यावर लष्करासाठी महू, हवाई दलासाठी सिकंदराबाद आणि नौदलासाठी गोवा येथे उच्च अभ्यासक्रम आहेत. गोव्यातील नेव्हल वॉर कॉलेज मूळचे आपल्याकडचे. १९८८ मध्ये ते उरणजवळच्या करंजा येथे सुरू झाले आणि २०११ मध्ये गोव्यात हलवले गेले.

सर्वांत वरचा टप्पा कोणता?

नवी दिल्लीतील नॅशनल डिफेन्स कॉलेज, अर्थात एनडीसी. १९२७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या इम्पिरियल डिफेन्स कॉलेजच्या धर्तीवर १९६० मध्ये ते सुरू झाले. अभ्यासक्रम ४७ आठवड्यांचा. ब्रिगेडियर व समकक्ष अधिकारी, आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवेतील अधिकारी आणि मित्रदेशांचे अधिकारी असे शंभरहून अधिक जण येथे एकत्र शिकतात. बंदूक, रणगाडा हा येथील विषय नाही. भारतीय समाज आणि राजकारण, अर्थव्यवस्था, विज्ञान, शेजारी देश, जागतिक प्रश्न आणि शेवटी राष्ट्रीय सुरक्षेची रणनीती असा क्रम असतो. देशातील आणि परदेशातील अभ्यासदौरे होतात, प्रबंध लिहावा लागतो. मद्रास विद्यापीठाची एम. फिल. पदवी या अभ्यासक्रमाशी अनेक वर्षे जोडलेली होती.

मीरा-भाईंदरशी संबंध काय?

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. त्यानंतर २००९ मध्ये किनारी सुरक्षेसह संपूर्ण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली. पण सागरी पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, तर नौदल आणि तटरक्षक दल केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाचे. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार एका पोलीस आयुक्तालयाखाली आल्याने वसई खाडीचे दोन्ही काठ एका अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आले. समुद्रातील जबाबदारी मात्र विभागलेलीच आहे.

दोन्ही काठांचा एकत्र विचार या भागाला नवा नाही. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने आधी भाईंदरच्या बाजूचा धारावी किल्ला घेतला, मग पलीकडची वसई पडली. जमीन आणि पाणी वेगळे धरून चालत नाही, हा त्यातला धडा.

विद्यापीठ का रखडले?

राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची कल्पना १९६७ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने तिचा आराखडा दिला. २०१० मध्ये मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. मे २०१३ मध्ये हरियाणातील बिनोला येथे तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पायाभरणी केली. पुढे विधेयकाचा मसुदा तयार झाला. कायदा काही झाला नाही. याउलट गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील, गांधीनगरचे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ २०२० च्या कायद्याने उभेही राहिले. म्हणजे अंतर्गत सुरक्षेसाठी विद्यापीठ आहे, संरक्षणासाठी नाही.

त्याने काय अडते?

आज प्रत्येक संस्था वेगवेगळ्या विद्यापीठांशी संलग्न आहे. अभ्यासक्रमांत सलगता राखणे, पूर्णवेळ मुलकी प्राध्यापक नेमणे आणि जमलेले संशोधन एकत्र ठेवणे अवघड जाते. अमेरिकेने १९८६ च्या गोल्डवॉटर-निकल्स कायद्याने तिन्ही दलांच्या संयुक्त शिक्षणाची सांगड बढतीशी घातली. आपल्याकडे २०२० पासून संरक्षण दल प्रमुखांचे पद आले, एकात्मिक थिएटर कमांडची चर्चा सुरू झाली. अशा कमांडचा प्रमुख स्वतःच्या दलापलीकडचे युद्ध जाणणारा हवा.

फक्त वरिष्ठांच्या शिक्षणाने भागेल का?

नाही. उत्तनच्या समुद्रात गस्त घालणारा पोलीस कर्मचारी एनडीसीत जात नाही. त्याच्यासाठी ‘सागर कवच’सारखे संयुक्त सराव आहेत आणि संशयास्पद बोटीची पहिली खबर बहुधा मच्छीमारच देतो. ती खबर वर गेल्यावर फोन कोणी कोणाला करायचा, यात वेळ दवडला जाऊ नये, हे पाहणे वरिष्ठांचे काम. ती ओळख आणि तो विश्वास संकटाच्या रात्री तयार होत नाही. तो आधी वर्गातच घडवावा लागतो.