‘मी’ नावाचा फोन

कराडच्या एसटी स्टँडजवळ माझ्या मावसभावाचे मोबाइलचे दुकान आहे. त्याला सगळे आप्पा म्हणतात. त्याच्याहून वयाने मोठी असलेली माणसेसुद्धा. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी तासभर तिथल्या स्टुलावर बसायची मला सवय लागली. पेन्शनर माणसाने देवळात बसावे की नदीकाठी घाटावर, याविषयी घरात मतभेद होते. मी मधला मार्ग काढला. माणसे काय बोलतात हे ऐकायला मोबाइलच्या दुकानाइतकी चांगली जागा नाही. उसाचे बिल जमा झाले, मुलगी बारावी झाली, जावई दिवाळीला येणार, यातली प्रत्येक गोष्ट तिथे फोनच्या खरेदीच्या रूपाने येऊन पोहोचते.

२०१४ च्या जुलैमधली गोष्ट. धाकटा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. सुट्टीला आला आणि म्हणाला, “बाबा, फोन घ्यायचाय.”

“मग जा की आप्पाकाकाकडं.”

“त्यांच्याकडं नाही मिळणार. कुणाकडंच नाही मिळणार. तो दुकानात मिळतच नाही.”

दुकानात न मिळणारी वस्तू म्हणजे एक तर सरकारी किंवा चोरीची, अशी आमच्या पिढीची समजूत. मी चमकून पाहिले. मग त्याने मला शाओमी हे नाव पहिल्यांदा ऐकवले. ते कागदावर रोमन लिपीत लिहूनही दाखवले. मी ते ‘झिओमी’ असे वाचले. आप्पाने पुढे ‘एक्साओमी’ वाचले. फोनचे नाव मात्र दोनच अक्षरी, एम आणि आय. जोडून वाचले की ‘मी’. आता मराठी घरात या नावाचा फोन आला म्हणजे काय होणार? “हा कुणाचा फोन?” “मी.” “तुझा हे कळलं, पण कुठला?” “मी!” आमच्या हिने दोन दिवस कानावर हात ठेवले.

त्या वेळचे चित्र आठवा. नोकियाचे राज्य संपले होते. ज्या कंपनीचा ११०० नंबरचा फोन वापरून बॅटरीच्या उजेडात आपण लोडशेडिंगमध्ये जेवलो, तिचा मोबाइलचा धंदा एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. तिची गादी सॅमसंगने घेतली होती. गावात ‘गॅलक्सी’ हा शब्द फोनला समानार्थी झाला होता. लग्नात नवऱ्या मुलाला अंगठी, घड्याळ आणि गॅलक्सी. पाठोपाठ मायक्रोमॅक्स, कार्बन अशा देशी नावाच्या कंपन्या दहा हजारांच्या आसपास मोठ्या पडद्याचे, दोन सिमचे फोन देत होत्या. मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास आप्पाने ढिगाने विकला. त्यातले बरेचसे फोन चीनमध्येच तयार होऊन इथे फक्त नाव लावून येत, हे आप्पाला ठाऊक होते. गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते, आणि विचारल्याशिवाय सांगायचे नाही हा धंद्याचा नियम आहे.

या सॅमसंगपुढे हा नवा गडी उभा राहिला तो तेरा हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये किंमत लावून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅमसंगचा गॅलक्सी एस-५ आला होता साडेएक्कावन्न हजारांना. दोन्ही एका तोलाचे होते असे मी म्हणणार नाही. एस-५ नवा होता आणि हा ‘मी-३’ चीनमध्ये आदल्या वर्षीच निघालेला होता. पण पडदा, प्रोसेसर, कॅमेरा असे जे जे कागदावर मोजता येते ते ते पाहिले, तर दोघांमधले अंतर पावणेचौपट निश्चितच नव्हते.

ही किंमत परवडते कशी, हे धाकट्याने मला समजावले. जाहिरातीवर खर्च नाही. क्रिकेटवाला नाही, सिनेमावाला नाही. वितरक नाही, दुकान नाही. फक्त फ्लिपकार्टवर विक्री. फोनवर नफा जवळजवळ नाहीच, आणि एकच मॉडेल जास्त दिवस विकायचे, म्हणजे सुटे भाग जसजसे स्वस्त होतात तसतशी गाडी रुळावर येते. लेइ जुन नावाच्या माणसाने २०१० मध्ये बीजिंगला ही कंपनी काढली, आणि ह्यूगो बारा नावाचा गुगलमधला बडा अधिकारी २०१३ मध्ये तिकडे गेला. हे सगळे तो अशा भक्तिभावाने सांगत होता, की लहानपणी मी त्याला शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगितल्या त्या वेळीही त्याचे डोळे इतके चमकले नसतील.

मी ही बातमी दुकानात नेली, आणि तिथे जे ऐकले त्यासाठीच हा लेख.

पहिली प्रतिक्रिया हसण्याची. “चायना मोबाइल? तो मोठ्या स्पीकरचा?” त्या हसण्यामागे अनुभव होता. २००७-०८ च्या सुमाराला बाजारात चिनी फोनांचा पूर आला होता. दोन हजारांत टीव्ही, रेडिओ, दोन सिम, आणि वरातीचा बँड मागे पडेल असा आवाज. त्यातल्या कित्येकांना आयएमईआय नंबरच नव्हता, म्हणजे कुठला फोन कुठे आहे याचा पत्ता नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर सरकारने सुरक्षेचे कारण मनावर घेतले आणि २००९ च्या डिसेंबरपासून असे बिननंबरी फोन बंद पाडले. एका रात्रीत आमच्या गावातली निम्मी गाणी थांबली. ज्यांचे पैसे बुडाले ते ‘चायना’ हा शब्द विसरणार कसे? आकाशकंदिलाच्या माळा, खेळण्यातली मोटार आणि मोबाइल, तिन्हींना एकच हमी: चालला तर चालला.

दुसरी प्रतिक्रिया शहाण्या माणसांची. “इतका स्वस्त म्हणजे गोम असणार.” स्वस्त वस्तूवर आपला विश्वास नसतो आणि महाग वस्तू परवडत नाही, या दोहोंच्या मध्ये आपण सगळे आयुष्य काढतो.

तिसरी प्रतिक्रिया मात्र मला अनपेक्षित होती. आमच्या स्टुलावर एक बँकेतले साहेब नेहमी येत. त्यांच्याकडे गॅलक्सी ग्रँड होता. २०१३ च्या सुरुवातीला साडेएकवीस हजारांना आलेला. मी नव्या फोनची किंमत सांगितल्यावर साहेबांचा चेहरा लाल झाला. “सर, तुमच्या मुलाला सांगा, कचरा असतो तो कचरा!” पाहिलेला नसताना एवढा राग? मग लक्षात आले. नवा फोन चांगला निघाला, तर साहेबांचा फोन वाईट ठरत नव्हता. साहेबांचा व्यवहार वाईट ठरत होता. महाग घेतल्याचे दुःख माणूस पचवतो, पण दुसऱ्याने स्वस्तात तेच घेतल्याचे पचत नाही. आमच्याकडे जमिनीच्या बाबतीत यावरून भावकी तुटते.

आणि आप्पा? तो काहीच बोलला नाही. कव्हरांचे गठ्ठे लावत राहिला.

विक्रीचा पहिला दिवस २२ जुलै, मंगळवार. आधी नाव नोंदवायचे, मग ठरल्या वेळी संगणकापुढे बोट तयार ठेवून बसायचे. चाळीस मिनिटांच्या आत फोन संपले. पुढच्या मंगळवारी पाच सेकंदांत. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन सेकंदांत. टीका करणारे म्हणाले, थोडे थोडे फोन काढून मुद्दाम टंचाई दाखवतात. त्यात तथ्य असेलही; पण टंचाईची ओढ आपल्याला नवी नाही. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेला हा देश आहे. फरक इतकाच, की तेव्हा बाप रांगेत उभा असे आणि आता मुलगा बसला होता. धाकट्याच्या बोटाला ऑगस्टमध्ये यश आले.

फोन घरी आला तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगतो, हरखलो. एका संध्याकाळी बँकेच्या साहेबांचा ग्रँड आणि हा मी-३ काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर एकच वर्तमानपत्र उघडले. पडदे दोन्ही पाच इंचांचे. पण एकावर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसत होत्या, आणि दुसऱ्यावर छापल्यासारखे जोडाक्षर न जोडाक्षर वाचता येत होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “यात एकच सिम बसतं ना? आणि मेमरी कार्ड नाही?” खरेच होते ते. साहेबांना तेवढाच आधार मिळाला. आमच्यासारख्यांना हा उणेपणा लहान नव्हता. पुण्याचे एक आणि घरचे एक अशी दोन सिमे असलेल्या धाकट्याला एक सिम जुन्या फोनात ठेवून दोन्ही फोन बाळगावे लागले. सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीचा सहा हजारांच्या आतला दोन सिमांचा रेडमी वन-एस आला, तेव्हा चाळीस हजार फोन चार सेकंदांत गेल्याची बातमी होती. ते कुणी घेतले असतील हे मला सांगायला नको.

त्या संध्याकाळी धाकटा आप्पाला म्हणाला, “काका, स्क्रीनगार्ड बसवून द्या ना.” या फोनाच्या मापाचे स्क्रीनगार्ड आप्पाकडे कुठून असणार? त्याने मोठा कागद काढला, फोन त्यावर ठेवून ब्लेडने कापला, एकही बुडबुडा न ठेवता बसवला. पैसे घेतले नाहीत.

“कितीला पडला?”

“तेरा नऊशे नव्व्याण्णव.”

आप्पाने फोन हातात तोलून पाहिला. “कंपनीनं मला दिला असता तर मी तुला साडेतेराला दिला असता रे.”

मुलगा हसला. मला हसू आले नाही. माझ्या आईसाठी पहिला फोन याच आप्पाने महिन्याला दोनशे रुपयांच्या बोलीवर दिला होता, आणि नोकिया घेऊ की दुसरा, हे आम्ही विचारले नव्हते; आप्पा म्हणेल तो. सगळ्या पेठेत तसेच होते. लोक कंपनीवर विश्वास ठेवत नसत, आप्पावर ठेवत. मायक्रोमॅक्स चालला तोही आप्पासारख्या हजार दुकानदारांनी ‘घ्या, मी आहे’ म्हटल्यामुळे. कंपनी त्यांना सॅमसंगपेक्षा चार पैसे जास्त सोडत असे, हे खरे. पण फोन बिघडला तर शिव्याही तेच खात. आता पहिल्यांदाच असा फोन आला होता ज्याच्यामागे आप्पाचे ‘मी आहे’ नव्हते. होता तो पोराचा शब्द. आमच्याच घरात खरेदीचा सल्ला कुणी द्यायचा हा अधिकार आप्पाकडून आणि माझ्याकडून एका वीस वर्षांच्या पोराकडे गेला, आणि तो कधी गेला हे कळलेही नाही. त्यानंतर पंधरा दिवस मी स्टुलावर बसायला गेलो नाही.

त्या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत बरेच घडले. ऑक्टोबरमध्ये फ्लिपकार्टच्या महाविक्रीनंतर देशभरचे दुकानदार खवळले. त्याच महिन्यात हवाई दलाने आपल्या लोकांना शाओमीचे फोन न वापरण्याची सूचना केल्याची बातमी आली. कारण माहिती चीनमधल्या सर्व्हरकडे जाते. कंपनीने ऑगस्टमध्येच एका सेवेबद्दल माफी मागून ती ऐच्छिक केली होती, आणि आता भारतीयांची माहिती बीजिंगबाहेर हलवत असल्याचे सांगितले. डिसेंबरमध्ये एरिक्सनच्या पेटंटच्या दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने विक्रीला मनाई केली, मग काही फोनांपुरती सैल केली. दुकानात यावरची प्रतिक्रिया एकच: “माझ्या फोनमध्ये चोरण्यासारखं आहे काय? उसाची पावती?” सगळे हसले. मीही हसलो. आज बँक, आधार, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळे त्याच पेटीत असताना ते हसणे आठवले की बरे वाटत नाही.

पुढचे थोडक्यात. २०१७ च्या शेवटच्या तिमाहीत बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थांनी शाओमीला सॅमसंगच्या पुढे दाखवले. सॅमसंगने दुसऱ्या संस्थेचे आकडे दाखवून ते नाकारले. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराची लाट आली. काही शहरांत दुकानांवरच्या शाओमीच्या पाट्या ‘मेड इन इंडिया’च्या फलकांनी झाकल्या गेल्या. आप्पाच्या काउंटरवर माणसे “चायनाचा नको” म्हणत आणि किंमत पाहून “हा कुठला म्हणालात?” असे विचारत. २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत सॅमसंग पुन्हा वर गेला.

पण मला सांगायचे आहे ते २०१८ मधले. दुकानाशिवाय विकणाऱ्या या कंपनीला एव्हाना दुकानांची गरज पडू लागली होती. आदल्या वर्षी बेंगळुरूला तिने स्वतःचे पहिले दुकान थाटले, आणि गावोगावच्या दुकानदारांकडेही माल येऊ लागला. एके दिवशी दुपारी आप्पाचा फोन आला.

“धाकटा आहे का घरी?”

“आहे. का रे?”

“त्याला जरा पाठवून दे. एमआयवाला आलाय माल घेऊन. कुठले किती ठेवू, मला काय त्यातलं कळत नाही. त्याला म्हणावं, काका विचारतोय.”

धाकटा चप्पल घालून निघाला. मीही निघालो, स्टूल रिकामेच होते.