शोधनिबंधांना कुलूप का?

स्प्रिंगला वजन टांगले की ती लांबते. वजन दुप्पट केले की लांबीतील वाढही दुप्पट होते. हा हूकचा नियम तुम्ही पुस्तकात वाचला असेल. कदाचित शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळूनही पाहिला असेल. पण रॉबर्ट हूकने हा नियम प्रथम कसा जाहीर केला, हे तुम्हाला ठाऊक आहे का? १६७६ साली त्याने एका लॅटिन वाक्यातील चौदा अक्षरे सुटी करून वर्णमालेच्या क्रमाने छापली. त्यावरून कोणालाच काही बोध होईना! दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने स्वतःच कोडे उलगडले. वाक्याचा अर्थ होता : ‘जेवढे ताणणे, तेवढे बल.’

हूकने असे का केले असावे? शोध आधी आपणच लावला हे पुढे सिद्ध करता यावे, पण तोवर दुसऱ्या कोणी तो आयता उचलू नये, म्हणून. गॅलिलिओनेही १६१० साली शनीविषयीचे निरीक्षण असेच अक्षरांच्या कोड्यात लपवले होते. यात शोधकाचा मान सुरक्षित राहत असे. पण विज्ञानाचे काय? जे कोणाला वाचताच येत नाही, ते तपासणार कसे? आणि त्यावर पुढचे काम करणार कसे?

नियतकालिकांचा जन्म

यावर एक सोपा उपाय निघाला होता. मार्च १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. ते आजही चालू आहे. शोध लागला की तो तारखेसह छापायचा. त्यामुळे मान शोधकाला मिळतो आणि ज्ञान सर्वांना मिळते. हूकच्या काळी ही पद्धत नवी होती. हळूहळू ती जगभर रुजली.

आज एखादा शोध कसा प्रसिद्ध होतो ते पाहू. संशोधक प्रयोग करून शोधनिबंध लिहितो आणि नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे धाडतात. तज्ज्ञ चुका काढतात, शंका विचारतात. दुरुस्त्या होऊन त्यांचे समाधान झाले, तरच निबंध छापला जातो. या तपासणीला समीक्षण म्हणतात.

आता पैशांचा हिशेब करू. संशोधनाचा खर्च बहुधा सरकार, म्हणजे जनता, करते. निबंध लिहिल्याबद्दल लेखकाला मानधन नसते. समीक्षकही सहसा फुकटच काम करतात. छापण्याचा हक्क मात्र बहुतेक वेळा प्रकाशकाकडे जातो, आणि तो अंक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला वर्गणी भरून विकत घ्यावा लागतो. नांगरणी, पेरणी, राखण सारे शेतकऱ्याने करावे आणि घरी खायला तेच धान्य दुकानातून विकत आणावे, तसा हा प्रकार आहे. संपादनाला, मांडणीला आणि निबंध जतन करायला खर्च येतो हे खरे. पण मोठे प्रकाशक या खर्चाच्या कितीतरी वर नफा मिळवतात.

मग ग्रंथालये स्वस्त नियतकालिक का घेत नाहीत? एक साबण महाग झाला, तर आपण दुसरा घेतो. पण प्रत्येक शोधनिबंध वेगळा असतो. मलेरियावरच्या एका निबंधाची गरज दुसऱ्या निबंधाने भागत नाही. शिवाय कोणत्या नियतकालिकात निबंध आला यावर संशोधकाची नोकरी व बढती अवलंबून असते. म्हणून लेखकही नामांकित नियतकालिक सोडायला तयार नसतात. किंमत वाढली, तरी गिऱ्हाईक जाणार कोठे?

कुलपाची किंमत

तुम्ही म्हणाल, हा विद्वानांचा आपसांतील व्यवहार आहे. त्याचे आपल्याला काय? यासाठी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात काय घडले ते पाहा. २०१४ साली तेथे इबोलाची साथ पसरली आणि लायबेरियातील ४,८०० हून अधिक माणसे मरण पावली. हा रोग आपल्या भागात नाही, असाच तेथील आरोग्य अधिकाऱ्यांचा समज होता. वास्तविक युरोपीय संशोधकांनी पूर्वीच लायबेरियातील लोकांचे रक्त तपासले होते. काहींच्या रक्तात इबोलाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली होती. इबोलाचा वावर असलेल्या प्रदेशांत लायबेरियाची गणना करावी, असे त्यांनी १९८२ साली एका फ्रेंच नियतकालिकात लिहून ठेवले होते.

लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिगत एप्रिल २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सांगितली. असा एक निबंध विकत घेऊन वाचायला ४५ डॉलर पडत होते, म्हणजे तेथील डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. निबंध वाचला असता तर साथ आलीच नसती, असे कोणी म्हणणार नाही. पण डॉक्टर आणि परिचारिका अधिक सावध राहिल्या असत्या. रक्त लायबेरियाच्या लोकांचे होते; इशारा मात्र त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

याच्या उलट दुसरे उदाहरण घ्या. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधील झांग योंगझेन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी नव्या करोना विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा जनुकीय आराखडा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. तो वाचून अमेरिकेत अवघ्या दोन दिवसांत एका लशीची रचना ठरली आणि १६ मार्च रोजी तिची माणसांवरील चाचणी सुरूही झाली!

कुलूप काढण्याचे प्रयत्न

कुलूप काढण्याचे प्रयत्न पूर्वीच सुरू झाले होते. १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने ‘अर्काइव्ह’ हे संगणकावरील भांडार उघडले. निबंध छापून येण्याची वाट न पाहता संशोधक तो तेथे ठेवतात आणि कोणीही तो फुकट वाचू शकतो. २००२ साली बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्यात, शोधनिबंध सर्वांना मोफत वाचता आले पाहिजेत, अशी मागणी करण्यात आली. निबंधच नव्हे, तर मूळ मोजमापे आणि प्रयोगाची रीतही खुली ठेवावी, या विचाराला ‘मुक्त विज्ञान’ म्हणतात. पुणे जिल्ह्यात खोडद येथे असलेल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही ठरावीक मुदतीनंतर इतर संशोधकांना अभ्यासासाठी मिळू शकतात.

पण या औषधालाही दुष्परिणाम आहेत. वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, तर ते कोणी द्यायचे? अनेक नियतकालिके ते लेखकाकडून घेऊ लागली. ‘नेचर’ने २०२१ साली मुक्त प्रकाशनासाठी एका निबंधामागे ९,५०० युरो आकार ठेवला! म्हणजे वाचकाच्या दारावरचे कुलूप निघून लेखकाच्या दाराला लागले.

लेखकाकडून पैसे मिळतात हे पाहून, समीक्षण न करताच काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीच्या एका भागातील हजाराहून अधिक नियतकालिके तपासली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असे त्यांनी २०१८ साली दाखवून दिले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली.

आपल्या सरकारने २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना देण्याची ही योजना आहे. लहान गावातील सरकारी महाविद्यालयालाही यामुळे मोठ्या विद्यापीठाइतकेच वाचता येईल, ही मोठी सोय आहे. परंतु कुलूप अजून जागेवरच आहे. आपण सर्वांसाठी मिळून एक किल्ली विकत घेतली आहे. तिची मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतील.

तुम्ही काय करू शकता?

काही दारे तुमच्यासाठी आजही उघडी आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे मासिक खास विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी १९९६ पासून निघते. त्याचे अंक अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. १९३२ पासूनचे ‘करंट सायन्स’ही असेच खुले आहे. शिक्षकांनी यांतील एखादा लेख वर्गात वाचून दाखवला, तर विज्ञान कसे लिहिले जाते हे मुलांना समजेल.

दुसरे काम तुमच्याच वहीत करता येईल. स्प्रिंगचा प्रयोग पुन्हा करा. वापरलेली वजने, घेतलेली सर्व मोजमापे, चुकलेली सुद्धा, नीट लिहून काढा. मग वही मित्राला द्या आणि तोंडाने काहीही न सांगता त्याला तोच प्रयोग करायला सांगा. त्याचे उत्तर तुमच्याशी जुळले नाही, तर दोघे मिळून वही तपासा. काय लिहायचे राहून गेले, ते लगेच सापडेल.