आधी स्वतःचं पान

मैत्रिणींनो, गेल्या आषाढापासून आमच्या स्वयंपाकघरात ॲनाटॉमीचा वर्ग भरतो. हसू नका! माझ्या नणंदेची मुलगी देवरीकडच्या खेड्यातून नर्सिंग शिकायला आमच्याकडे गोंदियाला आली आहे. तिची शाळा सगळी मराठीतून झालेली आणि इथली पुस्तकं इंग्रजी, जाडजूड. पहिल्याच आठवड्यात पोर रडकुंडीला आली. मी बी.ए. झालेली, शाळेत दिवसाचे दोन-तीन तास भाषा शिकवणारी. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरताच. पण शब्दकोश घेऊन शेजारी बसता तर येतं ना? तिला म्हटलं, "अगं, आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेला गेल्या, परक्या भाषेत हेच सगळं शिकल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. तुझ्याजवळ तर मामी आहे!" तेव्हापासून मी पोळ्या लाटते आणि ती ओट्याशी बसून धडा म्हणते.

हृदयाचा धडा आला तेव्हा मात्र चित्रांनी भागेना. वर्गात प्लास्टिकचं हृदय दाखवलं होतं, पण तिला खरं पाहायचं होतं. शेवटी एका रविवारी बकऱ्याचं हृदय आणायचं ठरलं. आमचे हे दुकानात जाऊन "काळीज द्या" म्हणाले, तर दुकानदारानं यकृत बांधून दिलं! चूक त्याची नाही. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृतच. आपणच 'काळजात धस्स झालं' म्हणत छातीवर हात ठेवतो. दुसऱ्या खेपेला 'दिल' मागितलं, तेव्हा काम झालं.

मागच्या अंगणात वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघी बसलो. माझ्या मोठ्या जाऊबाई जरा लांब, भाजी निवडत बसल्या होत्या. बकऱ्याच्या हृदयालाही आपल्यासारखेच चार कप्पे असतात. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. काही पुस्तकांत त्यांना अलिंद आणि निलय म्हणतात. उजवी जवनिका कापली तर भिंत पातळ, डावीची मात्र चांगली जाड. असं का? उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पाठवायचं असतं आणि डावीला थेट डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. शेजारणीला वाटी द्यायची आणि सगळ्या गावाला जेवण वाढायचं, एवढा फरक! कप्प्यांच्या मध्ये पातळ झडपा आणि त्यांना खालून पांढऱ्या दोऱ्या. झडप उलटी फिरू नये म्हणून त्या धरून ठेवतात. रक्त पुढं जातं, मागं येत नाही.

आता एक हिशेब करा, आपण दुधाचा करतो तसा. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ५ लिटर. दिवसाचे झाले ७,००० लिटरहून जास्त! आणि आपल्या अंगात रक्त किती? तेही जेमतेम ५ लिटर. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं. इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली असाच हिशेब मांडून रक्ताभिसरण सिद्ध केलं. तोपर्यंत तिकडे समजूत अशी, की रक्त यकृतात तयार होतं आणि पाटाचं पाणी धानाच्या बांध्यांत मुरावं तसं शरीरात मुरून जातं.

धमन्यांतून शिरांकडे रक्त जातं कसं, हे हार्वे यांना दिसलं नव्हतं. १६६१ साली इटलीच्या माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक वाहिन्या दिसल्या. त्या इतक्या अरुंद, की रक्तातल्या तांबड्या पेशींना एकामागून एक, अंग दुमडूनच जावं लागतं. आपल्या गोंदिया-गडचिरोली भागात ज्या सिकलसेलचं नाव ऐकू येतं, त्यात ह्याच पेशी विळ्यासारख्या वाकड्या नि ताठ होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि रोग्याला असह्य वेदना होतात. आई आणि वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्न जमवताना पत्रिकेआधी ही रक्ततपासणी करून घ्या, एवढं जाता जाता सांगते.

आता मुद्द्यावर येते. भाचीनं महाधमनी उभी कापली. हृदयातून ही मोठी नळी निघते त्या तोंडाशीच, झडपेच्या अगदी वर, दोन बारीक भोकं दिसली. मी त्यात उदबत्तीची काडी घातली, तर ती हृदयाच्याच भिंतीत शिरली. मी विचारलं, "हे गं काय?"

"मामी, ह्या हृदयाच्या स्वतःच्या धमन्या. महाधमनीला सगळ्यात पहिले फाटे हेच फुटतात. मेंदूचे, हातांचे, पोटाचे, सगळे त्याच्यानंतर."

"पण हृदय तर रक्तानं भरलेलंच असतं की!"

"भरलेलं असतं, पण आतलं रक्त त्या जाड भिंतीला मिळत नाही. तिला बाहेरून ह्या धमन्यांतूनच घ्यावं लागतं."

भाजी निवडणाऱ्या जाऊबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "म्हणजे ते आधी स्वतःचं पान वाढून घेतं?"

आम्ही दोघी गप्प झालो. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत चकल्या तळताना जाऊबाईंच्या जबड्यात नि पाठीत दुखू लागलं. दरदरून घाम आला, मळमळलं. आम्ही म्हटलं पित्त असेल. त्यांनी ओवा चावला आणि "आधी सगळ्यांची जेवणं होऊ द्या" म्हणून उभ्याच राहिल्या. दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्या पहिल्याच फाट्यांपैकी एक तुंबला होता आणि त्याच्यावर जगणारा स्नायूचा तुकडा कायमचा गेला. जाऊबाई आज आहेत, पण जिना चढताना दोनदा थांबतात. छातीत कळ आली नाही, म्हणून आमच्यापैकी कुणाच्या मनात हृदय आलंच नाही. मी शिकलेली, माझ्याही नाही.

भाचीनं पुढं जे सांगितलं ते तर मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. एका ठोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतो. त्यात जवनिका ०.३ सेकंद आवळतात आणि ०.५ सेकंद सैल पडतात. म्हणजे २४ तासांत ९ तास काम आणि १५ तास विसावा! आवळलेली असताना डाव्या जवनिकेच्या भिंतीत रक्त नीट शिरूच शकत नाही. ती सैल पडते तेव्हाच तिचं पोट भरतं. आपण म्हणतो हृदय जन्मभर अविश्रांत राबतं. अहो, ते प्रत्येक ठोक्यामागे थांबतं, स्वतःचं खाऊन घेतं, म्हणून तर जन्मभर पुरतं. जेमतेम पाव किलो वजनाचं हे यंत्र, पण स्वतः फिरवलेल्या रक्तातला सुमारे विसावा हिस्सा स्वतःला ठेवतं. त्याला कुणी आपमतलबी म्हणतं का?

आणि आपण? सगळ्यांची पानं झाली, ओटा पुसला, की उरलंसुरलं घेऊन बसतो. लवकर जेवल्यानं हृदयविकार टळतो असं माझं म्हणणं नाही. पण जी बाई आपल्या भुकेला 'नंतर' म्हणते, ती आपल्या दुखण्यालाही 'नंतर' म्हणते. घात होतो तो तिथं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं कराच. चाळिशीच्या आसपास असाल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पाळी गेल्यावर तर नक्कीच, कारण तोवर मिळणारं नैसर्गिक संरक्षण त्यानंतर कमी होतं. छाती दाटली, किंवा जबडा, पाठ, खांदा दुखून घाम, मळमळ, धाप लागली, कारण नसताना गळून गेल्यासारखं झालं, तर पित्त समजून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, किंवा शेजाऱ्याची गाडी काढा आणि जिथं कार्डिओग्राम निघतो तिथं लगेच पोहोचा. दर मिनिटाला स्नायू मरत असतो. 'रात्री कुणाला उठवायचं' हा संकोच चुलीत घाला. आणि हे वाचून ठेवून देऊ नका. घरातल्या पुरुषांना, मोठ्या मुलांनाही सांगा. तुम्ही पडलात तर धावायचं त्यांनाच आहे.

भाची परीक्षेत पास झाली. हृदयाचाच प्रश्न आला होता म्हणे! आमच्या घरी आता रात्री सगळी पानं एकदम मांडतात. पोळी मधल्या डब्यात, ज्याची त्यानं घ्यायची. पहिले काही दिवस जाऊबाई सवयीनं उठत होत्या. भाची त्यांचा पदर धरून म्हणायची, "मोठी मामी, ०.५ सेकंद!"

आता त्या बसतात.