महापुरानंतरची महामारी : आघातग्रस्त मनाची चिकित्सा

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली. चिखली, आंबेवाडी व शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. असंख्य कुटुंबांना घर व गोठा सोडून परक्या छपराखाली आश्रय घ्यावा लागला. घरांची डागडुजी पुरी होते न होते तोच मार्च २०२० मध्ये कोविडची टाळेबंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये साथीचे निर्बंध चालू असतानाच पुन्हा महापूर आला. आधी एक आघात सोसलेल्या मनावर महामारीचा परिणाम कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. कारण असे रुग्ण बहुधा मानसरोगतज्ज्ञाकडे न जाता प्रथम आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत येतात.

शास्त्रीय भूमिका

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना वायू, जल, देश व काल या सर्वांना समान असणाऱ्या भावांची विकृती हे कारण सांगितले आहे. त्यामुळे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी पीडित होतात. मन मात्र सर्वांचे समान नसते. आगंतू व्याधीत व्यथा आधी आणि दोषवैषम्य नंतर, हा क्रमही आपणांस परिचित आहे. महापुरात जिवावरचा प्रसंग पाहिलेल्या व्यक्तीत ही व्यथा आधीच रुजलेली होती. महामारीने तिला नवे निमित्त पुरविले. म्हणून अशा रुग्णास अवरसत्त्व ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

महामारीने नेमके काय केले?

आघातोत्तर ताणविकृतीत प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, मन बधिर अथवा खिन्न होणे आणि सतत सावध राहणे ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकतात. महामारीत घराबाहेर न पडणे, माणसे टाळणे, प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहणे हे आरोग्याचे नियमच झाले. परिणामी व्याधीचे लक्षण सद्गुणाच्या वेषात वावरू लागले आणि घरच्यांच्याही ते लक्षात आले नाही. निर्बंध उठल्यावर इतर लोक बाहेर पडले, तेव्हा कुठे काहीजण आतच राहिल्याचे दिसले.

दुसरी हानी आधाराची. महापुरात शेजारी, तालीम मंडळे व नातलग धावून आले होते. एका पंगतीत बसून दुःख हलके करता येत होते. महामारीत जवळ येणे हाच धोका ठरला. २०२० साली जोतिबाची चैत्र यात्रा भरली नाही, देवळांची दारे मिटली, अनेकांना आप्तांचे अंत्यदर्शनही घडले नाही. न झालेला शोक मनात साठून राहतो.

सर्वच आपद्ग्रस्तांना ही विकृती होते असे मात्र नाही. बहुतेकजण कालांतराने सावरतात. ज्यांना सावरता येत नाही, त्यांना ओळखणे हे आपले काम आहे.

चिकित्सालयातील ओळख

समजा, नदीकाठच्या गावातील पन्नाशीची एक स्त्री वारंवार द्रवमलप्रवृत्ती, छातीत धडधड व निद्रानाश घेऊन येते. तपासण्या निर्दोष आहेत. त्रास आषाढात पाऊस लागला की वाढतो. वर्षा ऋतूतील वातप्रकोप हे कारण खरे, परंतु अपुरे. चरकांनी भय व शोक यांपासून होणारा अतिसार स्वतंत्र सांगितला असून वातहर उपचारांसोबत रुग्णास हर्षित करणे व आश्वासन देणे ही चिकित्सा सांगितली आहे. तेव्हा ‘पुरात आपणांवर काय प्रसंग आला होता? साथीत घरात कोणी गेले का?’ असे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तर रुग्णाच्या इच्छेवर सोडावे. पहिल्याच भेटीत सारा प्रसंग खोदून काढल्यास अपाय होऊ शकतो.

उपाययोजना

१. निश्चित वेळी आहार, निद्रा व काम यांची घडी बसवावी. सत्त्वावजयाचा आरंभ येथूनच होतो.

२. अभ्यंग, पादाभ्यंग, शिरोधारा तसेच ब्राह्मी, जटामांसी आदींची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी. ही साहाय्यक चिकित्सा आहे, याचा विसर पडू नये.

३. टाळलेल्या गोष्टींकडे रुग्णाने सोबतीने व हळूहळू परतावे. आधी शेजारघर, मग बाजार, मग नदीचा घाट.

४. औषधी विक्रेत्यांनी झोपेसाठी वारंवार औषध मागणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. खिन्न व्यक्तीस सर्पगंधायुक्त कल्प देऊ नयेत. अश्वगंधा देण्यापूर्वी गर्भावस्था, यकृतविकार आणि थायरॉईडची अथवा झोपेची चालू औषधे यांविषयी विचारावे.

५. मानसरोगतज्ज्ञाने दिलेली औषधे परस्पर बंद करवू नयेत. आत्मघाताचे विचार, मद्याचे वाढते सेवन अथवा भ्रम आढळल्यास रुग्णास त्वरित तज्ज्ञांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दुकानात दर्शनी भागी लावावा.

पाणी ओसरल्यावर भिंतीवरची पुराची रेघ रंगाने झाकता येते. मनावरची रेघ विचारल्याखेरीज दिसत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी आपण सर्वांनी हे विचारण्याची सवय अंगी बाणवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.