कुत्र्याच्या पिलाची रात्र

शेतावरील वस्तीसाठी, गोठ्याच्या राखणीसाठी किंवा केवळ मुलांच्या हट्टापायी निपाणी परिसरात कुत्र्याचे पिलू घरी आणले जाते, तेव्हा पहिल्या दोन-चार रात्री सारे घर जागे राहते. अंधार पडला की पिलू विव्हळू लागते, मध्यरात्री केकाटते व पहाटे थकून गप्प होते. घरातील कर्त्या माणसास तर भल्या पहाटे शेतावर जावयाचे असते. मग पिलास चापट मारली जाते, ते लांब खोपटात नेऊन बांधले जाते, अथवा चौथ्या दिवशी पोत्यात घालून रस्त्याकडेला सोडले जाते. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळूनच गेलेला असल्यामुळे अशा पिलाचा शेवट अनेकदा वाहनाखाली होतो. जे वाचते ते लसीविना वाढते आणि पुढे गावालाच धोका ठरते. म्हणून रात्रीच्या या रडण्याकडे थोडे समजून पाहणे आवश्यक आहे.

शेतात बसविलेल्या मेंढरांच्या तळावरील पिलू मात्र सहसा असे रडत नाही. याचे कारण उघड आहे. ते जन्मते तेथेच वाढते. रात्री आई, भावंडे व मेंढरे यांच्या उबेत निजते. एकटेपण त्याला ठाऊकच नसते. घरी आणलेले पिलू आदल्या रात्रीपर्यंत याच अवस्थेत असते, आणि एका दिवसात त्याची आई, भावंडे, वास व जागा हे सर्व एकदम सुटते. अशा वेळी त्याने हाक मारणे हा हट्ट नसून निसर्गाने त्याला दिलेला संरक्षणाचा उपाय आहे. आईपासून दुरावलेले पिलू ओरडले तरच आई त्याला शोधू शकते.

त्यातही पिलू फार लहान वयात आणले जाते, ही मुख्य चूक होय. जन्मतः पिलू आंधळे व बहिरे असते. त्याचे डोळे साधारणपणे १० ते १४ दिवसांनी उघडतात व त्यानंतर काही दिवसांत कान काम करू लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते थोडे मऊ अन्न चाटू लागते. परंतु आई व भावंडांबरोबर राहून ते जे शिकते, त्यासाठी आठ आठवडे पूर्ण व्हावे लागतात. चावण्याचा जोर आवरणे हेही ते भावंडांशी खेळतानाच शिकते. आठ आठवड्यांखालील पिलांची विक्री करण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई केलेली आहे. गावात पिले बहुधा विकली जात नाहीत, मागून आणली जातात. तरी नियमामागील कारण तेथेही तितकेच लागू पडते.

रडण्याची दुसरी दोन कारणे शरीराची आहेत. एक थंडी. आपल्याकडील गावठी कुत्र्या बहुतांशी पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात वितात, त्यामुळे पिलू घरी येते तेही ऐन थंडीत. मुधोळहून आणलेल्या पिलाच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावयास हवी. घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपास आलेल्या व २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेल्या या शिकारी जातीची केसाळी आखूड आणि अंगावरील चरबी बेताची असते. दुसरे कारण लघवीचे. दोन महिन्यांच्या पिलास तीन तासांहून अधिक काळ लघवी आवरता येत नाही; वय जितके महिने, त्यात एक मिळवून येतील तितके तास, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. रात्री एक-दोन वाजता ते उठते ते यामुळेच, आणि आपली झोपण्याची जागा ओली करणे त्याच्या स्वभावात नसल्यामुळे ते ओरडते.

यावर उपाय साधा आहे, पण तो नेटाने करावा लागतो. पहिल्या रात्री पिलाला परड्यात किंवा गोठ्यात एकटे ठेवू नये. सोप्यात अगर माजघरात, जेथे घरातील एखादे मोठे माणूस झोपते, तेथे अंथरुणापासून हातभर अंतरावर लाकडी अथवा पुठ्ठ्याचे खोके ठेवावे. खोके पिलाला आडवे होऊन वळता येईल एवढेच असावे. फार मोठे असल्यास त्याच्या एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्यात झोपण्याची सवय लागते. पिलू आणतानाच एक जुने फडके त्याच्या आईच्या अंगावरून फिरवून बरोबर घ्यावे व खोक्यात पसरावे. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूस ठेवावी, म्हणजे ऊब नको असल्यास पिलास दूर सरकता येते. टिकटिक करणारे घड्याळ ठेवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. तिने अपाय नाही. पण शेजारी श्वास घेणाऱ्या माणसाची सर तिला नाही.

अंथरुणासाठी मात्र तंबाखूचे पोते कधीही वापरू नये. निपाणी भागात ही सूचना ठळकपणे द्यावी लागते, कारण घरोघरी हाताशी असणारे गोणपाट बहुधा तेच असते. तंबाखूतील निकोटीन हे तीव्र विष आहे. पिलू दात शिवशिवत असल्याने दिसेल ते चघळते, आणि निकोटीन ओल्या कातडीतूनही अंगात भिनते. सुपातील जर्दा, तंबाखूच्या काड्या, विड्यांची थोटके ही सर्व त्याच्या तोंडापासून दूर असावीत. लाळ गळणे, ओकाऱ्या, थरथर, झोकांड्या ही विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच पहाटेची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे. उवा-गोचिडांसाठी तंबाखूच्या पाण्याने धुण्याचा जुना उपायही पिलावर करू नये. पिकांवरील कीटकनाशकाची भुकटी तर मुळीच नको.

संध्याकाळचे खाणे सातच्या सुमारास द्यावे. गाईचे दूध पोटभर पाजणे म्हणजे पिलाची सेवा, असा समज आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीइतकी असतात आणि दुग्धशर्करा कमी असते. त्यामुळे गाईच्या दुधाने पोषण पुरते होत नाही आणि अनेक पिलांना रात्री जुलाब होतात. थोड्या दुधात किंवा वरणाच्या पाण्यात कुसकरलेली भाकरी व उकडलेले अंडे अधिक बरे. निजण्यापूर्वी दहाच्या सुमारास पिलास बाहेर एका ठरावीक जागी न्यावे व लघवी होईपर्यंत मुकाट्याने उभे राहावे. पुन्हा दोनच्या व पाचच्या सुमारास तसेच करावे. या वेळी दिवा मोठा करू नये, बोलू नये, खेळवू नये. काम होताच परत खोक्यात. रात्री उठल्यावर खेळ मिळतो हे एकदा कळले, तर पुढे महिनाभर घराला झोप नाही.

बाहेर जाऊन आल्यानंतरही पिलू कुणकुणत राहिले, तर खोक्यात हात सोडून ठेवावा. बहुधा एवढे पुरते. मारल्याने रडणे थांबते खरे, पण ते भयाने थांबते. असे पिलू मोठेपणी धन्याच्या हातालाच बिचकते, आणि बिचकणारे कुत्रे चावते. आठवडाभर शांत रात्री गेल्यानंतर खोके रोज हातभर दाराकडे सरकवावे. चौथ्या महिन्याच्या सुमारास बहुतेक पिले रात्रभर निजू लागतात व मग त्यांना पडवीत किंवा गोठ्यात नेता येते. माणसांसाठीच्या झोपेच्या गोळ्या देण्याचा अविचार कोणी करू नये.

एवढे करूनही रडणे थांबत नसेल, पोट फुगलेले असेल, शौचास पातळ होत असेल, तर जंतांचा संशय घ्यावा. गोल जंत आईच्या पोटातूनच पिलात येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास जंतनाशक देणे योग्य. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांची पहिली लस, नंतर तिच्या पुढील मात्रा, व तीन महिन्यांनी रेबीजची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात टोचून घ्यावी आणि तारखा लिहून ठेवाव्यात.

मुलांना पिलाबरोबर एका पांघरुणात झोपू देऊ नये. लहान पिलालाही रेबीज होऊ शकतो, आणि खेळताना लागलेला दाताचा ओरखडा मुले घरी सांगत नाहीत. शिक्षकांनी वर्गात हे आवर्जून विचारावे. असा ओरखडा दिसल्यास तो वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा, त्यावर हळद, चुना किंवा तंबाखूची पूड दाबू नये, आणि त्याच दिवशी मुलास सरकारी रुग्णालयात न्यावे.